बोलताना या हातांचे काय करू?

पत्राचा गोषवारा: पत्र लिहिणाऱ्या वाचक चाळिशीच्या उंबरठ्यावर आहेत आणि एका संस्थेत 14 वर्षे काम करीत आहेत. आतापर्यंत त्यांचे काम लेखी अहवाल तयार करण्याचे होते. यंदा विभागाची जबाबदारी आल्यामुळे त्यांना सुमारे 200 लोकांसमोर उभे राहून बोलावे लागले. त्या भाषणाचे चित्रीकरण पाहिल्यावर त्यांच्या लक्षात आले, की पंधरा मिनिटे आपण उजव्या हाताने डाव्या बोटातली अंगठी फिरवत होतो. वरिष्ठ म्हणाले, "मुद्दे चांगले होते, पण देहबोली कमी पडते." मग त्यांनी दोन दिवसांची एक कार्यशाळा केली. श्रोत्यांवर होणाऱ्या परिणामात शब्दांचा वाटा अवघा 7 टक्के असतो, असे तिथे सांगितले गेले आणि 12 हातवारे बसवून घेतले गेले. पुढच्या भाषणाच्या संहितेत त्यांनी समासात "इथे तळवे उघडे", "इथे दोन पावले पुढे" अशा खुणा केल्या. ऐन भाषणात एक वाक्य विसरले. हात मात्र ठरल्याप्रमाणे वर गेले. नंतर एक सहकारी मैत्रीण म्हणाली, "आज तू बोलत नव्हतीस, कवायत करीत होतीस." तीन आठवड्यांनी वार्षिक सभा आहे. भाषण दुसऱ्याकडे सोपवावे, हातवारे आणखी घोटून पक्के करावेत, की टेबलामागे उभे राहून सरळ वाचून दाखवावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रिय वाचक भगिनी,

तुमच्या पत्रातले एक वाक्य मी थांबून पुन्हा वाचले. "व्यासपीठावर गेले, की हे हात माझेच आहेत असे मला वाटत नाही," असे तुम्ही लिहिले आहे. ज्यांना ज्यांना लोकांसमोर उभे राहावे लागले आहे, त्यांतल्या बहुतेकांना हे वाक्य आपलेच वाटेल. तरीही मला तुम्हाला आधी असे विचारायचे आहे, की त्या दिवशी सकाळी एखाद्या सहकाऱ्याला अहवालातला गुंता समजावून सांगताना तुमचे हात कुठे होते? तुम्हाला ते आठवणार नाही, आणि ते आठवत नाही यातच तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. तेव्हा तुमचे लक्ष समोरच्या माणसाला कळते आहे की नाही याकडे होते, आणि हात आपसूक त्या कामाला लागले होते. व्यासपीठावर तेच लक्ष हातांकडे वळले, म्हणून हात परके झाले. शरीर लक्षाच्या मागे जाते. तुमच्या देहबोलीत काही उणे आहे, असे मला पत्रावरून वाटत नाही. तुमचे लक्ष चुकीच्या जागी ओढले गेले आहे, आणि कार्यशाळेने ते तिथेच खिळवून ठेवले, असे वाटते.

त्या 7 टक्क्यांचा उलगडा आधी करू, कारण तुमच्या भीतीला त्या आकड्याने मोठे बळ दिले आहे. हा आकडा अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या 1967 सालच्या दोन छोट्या अभ्यासांतून आला. त्यांत लोकांना सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवले गेले. एका अभ्यासात तर "कदाचित" या अर्थाचा एकच शब्द निरनिराळ्या स्वरांत ऐकवून सोबत चेहऱ्याची छायाचित्रे दाखवली गेली, आणि बोलणाऱ्याच्या मनात आपुलकी आहे की नावड, हे ओळखायला सांगितले गेले. शब्द एक सांगतो आणि चेहरा दुसरे, अशा वेळी माणूस कशावर विश्वास ठेवतो, एवढाच तो प्रश्न होता. त्यातून शब्द 7, स्वर 38 आणि चेहरा 55 टक्के असे गणित मांडले गेले. भावना आणि आवडनिवड यांच्याविषयीचे बोलणे नसेल, तर हे समीकरण लागू पडत नाही, असे स्वतः मेहराबियन यांनीच स्पष्ट केले आहे. आता हे बारकाईने पाहा: ते 55 टक्के चेहऱ्याच्या छायाचित्रांचे आहेत. त्यांत हातवारे नाहीत, उभे राहण्याची ढब नाही, दोन पावले पुढे येणेही नाही. ज्या आकड्याच्या धाकाने तुम्ही 12 हातवारे घोटलेत, त्यात हातांचा हिशेबच नव्हता. तुमचा अहवाल तुम्हाला अनोळखी भाषेत कुणी अतिशय डौलदार हातवाऱ्यांनी सांगितला असता, तर त्यातले किती कळले असते, याचा विचार केला तरी शब्दांचे वजन ध्यानात येईल.

मग हात निरुपयोगी आहेत का? मुळीच नाहीत, पण ते आधी बोलणाऱ्याच्या कामाचे असतात, हे आपण विसरतो. जन्मापासून दृष्टी नसलेली मुलेही बोलताना हातवारे करतात, आणि समोरचा ऐकणाराही दृष्टिहीन आहे हे ठाऊक असतानासुद्धा करतात, असे 1998 साली इव्हरसन आणि गोल्डिन-मेडो या दोन संशोधिकांनी दाखवून दिले. ज्यांनी आयुष्यात कुणाचा हात हललेला पाहिला नाही आणि ज्यांचा हात कुणी पाहणारही नाही, त्यांचे हात बोलताना का हलावेत? हात हलणे हा विचार मांडण्याच्या क्रियेचाच भाग आहे, हे त्याचे कारण दिसते. म्हणूनच नैसर्गिक हातवारा शब्दाच्या बरोबरीने, पुष्कळदा त्याच्या किंचित आधी सुरू होतो. पाठ केलेला हातवारा मात्र शब्द आठवल्यानंतर येतो. हा फरक निमिषाचा असतो आणि श्रोत्याला तो नेमका सांगता येत नाही, पण जाणवतो. तुमच्या मैत्रिणीला जी कवायत दिसली, ती हीच.

पूर्वी माझ्याकडे भाषणाच्या तालमीला एक गृहस्थ येत असत. संहिता हातात घेतली, की ते खांबासारखे ताठ उभे राहत. एकदा मध्येच थांबवून मी त्यांना विचारले, की तुमच्या घरातली बंद पडलेली शिवणयंत्राची मोटार तुम्ही कशी दुरुस्त केलीत? त्यांनी कागद बाजूला ठेवला. डाव्या हाताच्या मुठीत अदृश्य मोटार धरली, उजव्या हाताच्या दोन बोटांनी तिचा पट्टा सोडवला, मान तिरकी करून आत डोकावले, आणि "इथे, अगदी इथे धूळ साचली होती" असे म्हणताना त्यांचा अंगठा तळहातावरच्या एका बिंदूवर टेकला. मला ती मोटार दिसली. हे त्यांना कुणी शिकवले नव्हते, आणि शिकवायला गेले असते तर बिघडले असते. तुमच्याकडेही हे सारे आहेच. त्याला मोकळी वाट द्यायची आहे.

दुसरे गृहीतक धडधडीविषयीचे आहे. "माझी भीती सर्वांना दिसते, आणि ती दिसली की माझ्या म्हणण्याला किंमत उरत नाही," असे तुम्ही लिहिता. आपल्या भाषेला ही भीती फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. तोंडचे पाणी पळते, बोबडी वळते, हातापायांना कंप सुटतो, चेहऱ्याचा रंग उडतो. हे वाक्प्रचार म्हणजे शरीराच्या सावधगिरीचे अचूक वर्णन आहे, कारण अशा वेळी लाळ खरोखरच कमी होते, त्वचेचा रक्तपुरवठा बदलतो आणि स्नायू थरथरतात. नाट्यशास्त्रात सांगितलेल्या आठ सात्त्विक भावांमध्ये, म्हणजे भावनेमुळे शरीरावर उमटणाऱ्या खुणांमध्ये, स्वेद म्हणजे घाम, वेपथू म्हणजे कंप, स्वरभंग आणि वैवर्ण्य म्हणजे रंग उडणे हे चारही आहेत. मनाची पूर्ण एकाग्रता असल्याशिवाय ते नटाला साधत नाहीत, असे तिथे मानले आहे. तुमच्याकडे ते न बोलावता येतात, म्हणजे तुमचे मन त्या क्षणी पूर्णपणे तिथे असते, असे मी म्हणेन.

ते सारे श्रोत्यांना किती दिसते, हा वेगळा प्रश्न. आपल्या मनातली खळबळ इतरांना प्रत्यक्षात दिसते त्याहून जास्त दिसत असणार, असे माणसाला वाटत राहते. साविट्स्की आणि गिलोविच यांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत भाषण करणाऱ्या काहींना ही गोष्ट आधीच समजावून सांगितली होती. ज्यांना ती कळली होती, त्यांची भाषणे त्यांना स्वतःला आणि पाहणाऱ्यांनाही अधिक चांगली वाटली. म्हणून हे तुम्हालाही सांगून ठेवते: तुमच्या छातीतली धडधड तिसऱ्या रांगेपर्यंत पोहोचत नाही.

आता तुमच्या वरिष्ठांच्या बाजूने बोलायला हवे, कारण त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. अंगठी फिरवणे दिसते. एकाच लयीत पुन्हा पुन्हा होणारी कोणतीही हालचाल नजर खेचून घेते, मग ती अंगठी असो, पेनाचे बटण असो, डावीकडून उजवीकडे डोलणे असो किंवा कारणावाचून घातलेल्या येरझारा असोत. ती वाईट दिसते म्हणून नव्हे, तर तिला बोलण्याशी काही देणेघेणे नसते म्हणून ती आड येते. डेमोस्थेनीस या ग्रीक वक्त्याला बोलताना खांदे उडवण्याची खोड होती. ती घालवण्यासाठी खांद्याच्या वर टोकदार शस्त्र टांगून तो अरुंद जागेत उभा राहून सराव करीत असे, अशी कथा क्विंटिलियन या रोमन शिक्षकाने नोंदवली आहे. उपाय अघोरी आहे आणि तो करावा असे मी सुचवत नाही. पण त्यातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते: त्याने एक खोड काढली, बारा नव्या लकबी चढवल्या नाहीत. तुमच्या वरिष्ठांनी "देहबोली कमी पडते" असे मोघम म्हणण्याऐवजी "तुमचा हात अंगठीवर जातो" एवढेच सांगितले असते, तर तुमचे दोन दिवस आणि बराचसा मनस्ताप वाचला असता. इतरांच्या भाषणावर मत देणाऱ्या वाचकांनीही याचा विचार करावा. "आत्मविश्वास दाखवा" या सूचनेचे कुणी काहीही करू शकत नाही.

तुमच्या तीन पर्यायांपैकी भाषण दुसऱ्याकडे सोपवणे हा गुन्हा नाही, आणि प्रकृतीचे कारण असते तर मी तोच सांगितला असता. पण टाळलेली भीती पुढच्या वेळी थोडी मोठी होऊन येते. शिवाय हा अहवाल तुमचा आहे आणि त्यावरच्या प्रश्नांची उत्तरे तुम्हीच देऊ शकता. हातवारे आणखी घोटण्याचा पर्याय मी पूर्णपणे बाजूला ठेवीन. नर्तक आणि नट हे करू शकतात, कारण ते वर्षानुवर्षे करतात. तीन आठवड्यांत फक्त कवायत अधिक चोख होईल. राहिला टेबलामागून वाचण्याचा पर्याय. तो तुम्हाला वाटतो तितका हीन नाही. शोकसभेत, कायदेशीर निवेदन करताना, आकड्यांची एकही चूक चालणार नसेल तेव्हा वाचणेच योग्य असते. तुम्हीही आकड्यांचा भाग निःसंकोच वाचून दाखवा. मात्र ते आकडे का बदलले आणि पुढे काय करायचे आहे, हे कागदावरून मान वर करून सांगा. असा मिश्र मार्ग मला तुमच्यासाठी सर्वांत बरा वाटतो.

पायांपासून सुरुवात करा, कारण हातांचा गोंधळ बहुतेक वेळा पायांत सुरू होतो. दोन्ही पावले खांद्यांइतक्या अंतरावर, वजन दोन्हींवर सारखे, गुडघे ताठ न आवळता सैल. एका पायावर रेललेले शरीर थोड्याच वेळात दुसऱ्या पायावर जाते आणि मग डोलणे सुरू होते. बोलण्याआधी एक श्वास सावकाश सोडा. घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष द्या, कारण घाबरलेला माणूस श्वास घेतच राहतो आणि खांदे कानांकडे चढतात. हातांना एक विसाव्याची जागा ठरवून द्या. पोटाच्या पातळीवर एक तळवा दुसऱ्यात सैल ठेवणे किंवा हात सरळ खाली सोडणे, दोन्ही चालते. खाली सोडलेले हात बोलणाऱ्याला विचित्र वाटतात, पाहणाऱ्याला वाटत नाहीत. चित्रीकरण करून खात्री करून घ्या. तिथून ते उठले तर उठू द्या, परतले तर परतू द्या, आणि तुम्ही त्यांना हाका मारू नका.

नजरेवर मी सर्वाधिक भर देईन. "सर्वांकडे पाहा" या सल्ल्याने माणूस कुणाकडेच पाहत नाही, नजर नुसती झाडूसारखी फिरते. त्याऐवजी एक विचार पूर्ण होईपर्यंत एकाच व्यक्तीशी बोला, मग सभागृहाच्या दुसऱ्या भागातल्या कुणाशी तरी पुढचा विचार बोला. समोर एक चेहरा असला, की आवाजाला संभाषणाचा चढउतार येतो, वेग आपोआप आवरतो आणि हात सकाळच्या त्या सहकाऱ्यासमोर होते तसे वागू लागतात. मात्र कुणाच्या डोळ्यांत सतत रोखून पाहू नका. काही लोकांना आणि काही समाजांत ते उद्धटपणाचे वाटते. चेहऱ्याच्या आसपास ठरलेली नजर पुरते. एखादा चेहरा कपाळाला आठ्या घालून बसलेला दिसेल. तो बहुधा लक्ष देऊन ऐकतो आहे. त्याच्यावरून आपल्या भाषणाचा निकाल लावू नका.

थांबणे हाही देहबोलीचाच भाग आहे, आणि तुम्ही वाक्य विसरलात तेव्हा तो तुमच्या मदतीला आला असता. अशा वेळी कागदाकडे शांतपणे पाहा, वाक्य शोधा, मान वर करा आणि मग बोला. कागदाकडे पाहत बोलू नका आणि बोलत कागदाकडे वळू नका. ते दोन सेकंद तुम्हाला फार मोठे वाटतील. श्रोत्यांना त्यांत आधीचे वाक्य पचवता येते.

वस्तूंविषयी थोडक्यात. पातळ कागद हाताचा बारीकसा कंपही मोठा करून दाखवतो, म्हणून टिपणे जाड पुठ्ठ्याच्या कार्डांवर ठळक अक्षरांत लिहा किंवा पोडियमवर ठेवा. पोडियमच्या कडा पकडून ठेवू नका. हातात माईक असेल तर तो हनुवटीपाशी धरा आणि मान वळवाल तेव्हा हातही वळवा, नाहीतर निम्मा शब्द विरून जातो. स्लाइड असतील तर श्रोत्यांकडे पाठ फिरवून वाचू नका: आधी पडद्याकडे हात दाखवा, क्षणभर थांबा, श्रोत्यांकडे वळा आणि मग बोला.

उरलेल्या तीन आठवड्यांचे सांगायचे, तर पहिल्या आठवड्यात संहिता मिटवून तोच अहवाल एका मैत्रिणीला समोरासमोर बसून सांगा, आणि फोन बाजूला चित्रीकरण करीत ठेवा. नंतर ते चित्रीकरण आधी आवाज बंद करून पाहा आणि मग न पाहता नुसते ऐका; एकत्र पाहिले, की आपण स्वतःच्या दिसण्यावरच अडकतो. दुसऱ्या आठवड्यात तेच उभे राहून, तीन-चार जणांसमोर सांगा, आणि समासातल्या सगळ्या खुणा खोडून तिथे फक्त "थांबा" एवढीच खूण ठेवा. तिसऱ्या आठवड्यात शक्य झाल्यास प्रत्यक्ष सभागृहात जा, माईकवर आपला आवाज ऐका, शेवटच्या रांगेत बसून व्यासपीठ किती लहान दिसते ते पाहा. भाषणाची पहिली दोन वाक्ये आणि शेवटचे एक वाक्य तोंडपाठ असू द्या, बाकी नको.

कमरेवर हात ठेवून रुबाबात उभे राहिल्याने शरीरातली संप्रेरके बदलतात का, असे तुम्ही ताजा कलम म्हणून विचारले आहे. 2010 साली 42 जणांवर झालेल्या प्रयोगात तसे आढळले होते. 2015 साली 200 जणांवर केलेल्या प्रयोगात संप्रेरकांवर तसा परिणाम दिसला नाही, आणि मूळ निबंधाच्या पहिल्या लेखिकेनेच 2016 साली आपला त्या परिणामावर विश्वास उरला नसल्याचे जाहीर केले. तसे उभे राहून तुम्हाला बरे वाटत असेल तर राहा. अपेक्षा तेवढीच ठेवा.

हे उत्तर वाचणाऱ्या इतरांपैकी कुणी बसून बोलत असेल, चाकांच्या खुर्चीत असेल, कुणाचा हात आजारामुळे कापत असेल किंवा कुणाला समोरच्याच्या नजरेला नजर देणेच कठीण जात असेल. वरचे सगळे त्यांना जसेच्या तसे लागू होणार नाही, आणि व्हायलाही नको. हात कापत असल्यास तसे एका वाक्यात सांगून पुढे जावे. श्रोते ते चटकन स्वीकारतात आणि मग त्याकडे पाहायचे थांबतात. ज्यांना भाषणाच्या कल्पनेनेच कित्येक दिवस झोप लागत नाही, ज्यांनी त्यापायी शिक्षण किंवा नोकरीच्या संधी सोडल्या आहेत, त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांची मदत अवश्य घ्यावी, कारण या भीतीवर परिणामकारक उपचार आहेत. थरथर कमी करण्यासाठी मित्राने दिलेली गोळी घेऊ नये. त्यासाठी वापरली जाणारी काही औषधे दमा असलेल्यांना धोकादायक ठरतात.

शेवटी अंगठीचे. ती त्या दिवशी काढून ठेवावी का, असे तुम्ही विचारले आहे. तालमीत एकदा काढून पाहा, पण बोटे तिची रिकामी जागाच चाचपू लागण्याची शक्यता बरीच आहे. तसे झाले, तर अंगठी बोटात राहू द्या आणि टिपणांची कार्डे उजव्या हातात धरा. उजवा हात कामात असला, की तो अंगठीकडे जाणार नाही, आणि डावा बोलायला मोकळा राहील.